बतूलची फळी आणि माझे शंभर मणी

"एकही मणी अडता कामा नये. पोरांना अडायला दुसरं पुष्कळ असतं."

बुअज्जा कातारी पायाच्या बोटांत पटाशी धरून माझे मणी कातत होता, तेव्हा तो हे म्हणाला. किती वर्षं झाली, पण तो आवाज अजून माझ्या तारांत घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी मणीचौकट आहे. अंग देवदाराचं, तारा दहा, आणि तारेतारेवर दहा मणी. सफ्रू गावातल्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, लाल्ला ताम्मूबाईंच्या टेबलावर माझी जागा होती. मुलांच्या घामेजल्या बोटांनी माझे मणी गुळगुळीत झाले. पाहुणे आले की मला गोंजारत. वर्गात माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं. बतूल येईपर्यंत.

बतूल ही अल्लाल भट्टीवाल्याची मुलगी. गल्लीतल्या तीस घरांचे कणकेचे रोट रोज फळ्यांवरून त्याच्या भट्टीत भाजायला येत, आणि कुठला रोट कुणाच्या घरचा हे ती नुसतं बोट फिरवून सांगे. पण तेरातून आठ गेले की किती, हे काही तिच्या डोक्यात राहत नसे. संध्याकाळी पाठ केलेलं सकाळी पुसलेलं. माझ्यापुढे उभी राहून ती आठ मणी बाजूला सारी, उरलेले मोजताना चुके, आणि पुन्हा एकापासून सुरुवात करी. मागून कुणीतरी म्हणे, "काय गं, उत्तर भट्टीत जळालं वाटतं?"

एकदा बाईंनी तिच्यासाठी मुद्दाम रोटांचं गणित घातलं. तेरा रोट होते, आठ गेले, किती उरले?

"कुणाचे गेले, बाई?" बतूलने विचारलं.

वर्ग खदाखदा हसला. ती मात्र गंभीर होती. "हसता काय? नाव न विचारता रोट दिले तर बाबा मला घरात घेणार नाही."

वसंत संपताना मुख्याध्यापक सी मेक्की तोंडी परीक्षा घेत. ज्याला वजाबाक्या पाठ नसतील त्याची रवानगी पहिलीत. पहिलीत बतूलची धाकटी बहीण हानिया होती. बतूलने मैत्रिणीला सांगून टाकलं होतं, की हानियाच्या बाकावर बसण्यापेक्षा मी शाळा सोडून भट्टीतली राख काढीन. ते बाईंच्या कानावर गेलं.

त्या दिवशी बाई स्वतःची फळी घेऊन स्वतःच भट्टीवर गेल्या. तिथे काय पाहिलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं. एका घरचे तेरा रोट होते. आठ भाजून फळीवर आले होते. अल्लालने आतून विचारलं, किती राहिले गं? आणि बतूल मागे न वळता म्हणाली, दहा व्हायला दोन, वर तीन, पाच यायचेत. तिने काहीच वजा केलं नव्हतं. आठावरून चढत चढत ती तेरावर पोचली होती.

झालं. वर्गात बतूलच्या भट्टीतली फळी आली. एका कोपऱ्यावर करपलेली, पिठाने पांढरी, ना रंग ना रूप. मुलांनी मातीचे चिमुकले रोट केले आणि सगळी तिच्याभोवती गोळा झाली. मला उचलून खिडकीत ठेवलं, चिमण्यांच्या विष्ठेत. मी जळले, मित्रांनो. शंभर मणी असून मी मुकी, आणि ही ओबडधोबड लाकडाची फळी वर्गाची लाडकी. मुलं गुणगुणत, आठाला दहाची ओढ, दहाला तेराची ओढ, आणि माझ्या तारा तापत. बतूलही हसायला लागली होती. ते हसणं मला बघवत नव्हतं. परीक्षेत ती चुकावी असं मी मनोमन म्हटलं. आज सांगताना लाज वाटते, पण म्हटलं खरं.

परीक्षेचा दिवस आला. सी मेक्की खुर्चीत बसले. फळी बाहेर ठेवायला लावली.

"पंधरातून सात?"

बतूलने डोळे मिटले. ओठ हलले. सातावरून दहा, दहावरून पंधरा. "आठ," ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. तरी सी मेक्कींनी मान हलवली. हे मोजलंस, म्हणाले, पाठ नाही. पाठ म्हणजे विचारल्याबरोबर. आणि त्यांनी पहिलीत पाठवायच्या यादीवर पेन टेकवलं.

बतूल रडली नाही. तिचा अंगठा मात्र टेबलाच्या कडेवर दाबत राहिला, कणकेवर दाबावा तसा. मला हवं होतं ते घडत होतं, आणि माझा एकही मणी सुखात नव्हता. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आमची धूळ झटका, तुटली तार ओवा. पण आमचा मान राखायला कुणा लेकराला आमच्यापुढे उभं करून खाली पाहायला लावू नका. एखादं पोर दुसऱ्या वाटेने उत्तरापाशी पोचलं, तर ती वाट झाडून ठेवा.

पेन कागदावर फिरणार, तोच ताम्मूबाई उठल्या.

"साहेब, पंधरातून सात मलाही पाठ नाहीत. बावीस वर्षं मी झग्याच्या बाहीत बोटं मोजतेय. हिला पहिलीत बसवणार असाल, तर तिच्या शेजारी माझीही जागा करा."