दसऱ्यानंतरचा टरेट

मशीनला नमस्कार केला नाही म्हणून टरेट धडकला, हे नीळकंठभाऊंचं म्हणणं. यवतमाळच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप, जिनिंगच्या मशीनचे शाफ्ट तिथे बनतात, आणि संगणकाच्या हुकमावर लोखंड कातणारी तिथली एकुलती एक सीएनसी लेथ मी चालवायची. मी आर्णीची साधना. आयटीआयला टर्नर शिकले तेव्हा वर्गात बाकी सगळी पोरं. भाऊंनी मशीन माझ्या हाती दिली तीही नाइलाजानं, आधीचा ऑपरेटर पुण्याला पळाला म्हणून.

ते २००६ साल. आमच्याकडे कापसाच्या कर्जापायी शेतकरी जीव देत होते. शेताकडे परत जायचा रस्ता मला नव्हताच. मशीन हातची गेली असती तर मी पुन्हा गोडाऊनमध्ये शाफ्टला ग्रीस फासत बसले असते.

दसऱ्याला मी नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले होते. त्या वर्षी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली होती, घरातलं कुणीच मागे राहिलं नव्हतं. परत येऊन सकाळी मशीनवर शाफ्ट चढवला, बटण दाबलं. टरेट, म्हणजे सगळी टूलं धरून फिरणारी जड चकती, पुढे आला आणि एका टूलचं टोक शाफ्ट धरून गरगरणाऱ्या चकवर आदळलं. असा आवाज झाला की वेल्डर घनश्यामकाका हातातलं काम टाकून धावत आले. टरेट तिरका झाला होता.

"दसऱ्याले साऱ्यायनं हात जोडले," भाऊ म्हणाले. "तू तेवढी नव्हती. आता जोड हात, चूक झाली म्हण, मी विषय सोडतो. नाहीतर उद्यापासून गोडाऊन."

"माही चूक असती तं म्हटलं असतं. हात मी कामाले लावीन. मशीनले जोडणार नाई."

"कंपनीचा माणूस बोलवावा लागते याले."

"मीच करीन सरळ. नाई झाला तं गोडाऊन."

रागानं माझे कान तापले होते. आधी सगळी टूलं बाहेर काढली. आदळलेल्या टूलच्या खाचेत बोट घातलं तर बोट लाल झालं. कुंकू. त्याच्याखाली झेंडूची चेपलेली पाकळी.

"काका, टूलं कोणं काढली होती?"

घनश्यामकाकांनी भाऊंकडे पाहिलं. "पूजेसाठी पाटावर मांडली होती बाई. मंग जशीच्या तशी लावली."

"जशीच्या तशी नाई. हे टूल अंगठाभर बाहेर राह्यलं. मशीन तं जुन्याच मापानं चालते, तिले काय मालूम तुमी पूजा केली म्हून? पण मले काहून नाई सांगितलं?"

भाऊ ऑफिसात गेले.

टरेटचे बोल्ट ढिले केले. चकवर डायल, म्हणजे केसाएवढा फरकही दाखवणारं मापाचं घड्याळ, बसवला आणि त्याची सुई टरेटच्या तोंडावरून फिरवली. सुई हलली की तांब्याच्या हातोड्यानं हलकेच ठोकायचं. बोल्ट आवळले की टरेट पुन्हा सरकतो, की पुन्हा ढिले करायचे. चिडक्या माणसाचं हे काम नाही म्हणतात. मला तर चिडल्यावरच जमतं. डबा तसाच राहिला, पण शेवटी टरेट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि सुई जागची हलली नाही.

मग एक शाफ्ट कापला. भाऊंनी तो स्वतः मापला, एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला, मग परत पहिल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता तरी एकदा हात..."

"नाई."

"अन् पुढच्या दसऱ्याले?"

"नागपूर. पण जाताना मशीनच्या दरवाज्याले कुलूप लावीन. किल्ली माह्यापाशी ठेवीन."

भाऊ शाफ्ट उचलून घेऊन गेले.

पुढच्या वर्षी नागपूरहून परतले तेव्हा झेंडूचा हार कुलपाला घातलेला होता, कुंकवाचं बोटही कुलपालाच. मी हार बाजूला केला आणि किल्ली फिरवली. आत टूलं मी सोडली तशीच होती.