शेजारची सीट

आर्विड सुंडबीने ट्रकच्या पोटाखाली उताणं पडून शेवटचा बोल्ट आवळला आणि त्यावरून बोटं फिरवून पाहिली. वर्षभरापासून त्याच्या नजरेच्या ऐन मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, बोल्ट आवळायला नाही. शिवाय या ट्रकची नस न् नस त्याच्या बोटांना पाठ होती.

"झालं का?" वरून बायकोचा आवाज आला. मार्लिसचे नुसते बूट दिसत होते.

"वाईट नाही," आर्विड म्हणाला.

त्यांच्या गावात याच्या वरची शाबासकी नव्हती. मुलगी डॉक्टर झाली तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता.

तळ्याच्या कडा गोठायला लागल्या की दोघं दरवर्षी मिनेसोटा सोडून अ‍ॅरिझोनाच्या उन्हाला जायची. आधी याच ट्रकने, त्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या खोलीत झोपत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी मोठी घरगाडी घेतली आणि आता ती मार्लिस चालवायची. ट्रक मात्र मागे ठेवायचा हे आर्विडच्या जिवावर आलं होतं. म्हणून त्याने अख्खा शरद ऋतू खपून त्याला घरगाडीच्या मागे, स्वतःच्या चारी चाकांवर, ओढत नेण्यालायक केलं होतं. पुढे लोखंडी पट्टी बसवली, तिला ओढायचा दांडा जोडला, घरगाडीच्या ब्रेकबरोबर ट्रकचेही लाल दिवे लागावेत म्हणून वायरी नेल्या.

मार्लिसचा प्रश्न एकच होता. "तिथे पोचल्यावर हा चालवणार कोण?"

असं विचारलं की आर्विड लगेच पाना शोधायला लागायचा. घरगाडीला गिअर टाकावे लागत नसत, ट्रकला लागत. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मार्लिसने एकदा हा ट्रक हातात घेतला होता. वाणसामानाच्या दुकानासमोर गिअर असा काही खरखरला की लोक वळून बघायला लागले. आर्विड हसत म्हणाला होता, "गिअरबॉक्स आहे बाई, कॉफीची चक्की नव्हे." लोकही हसले. मार्लिसने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि त्यानंतर ती कायम शेजारच्या सीटवर बसली. त्या सीटची स्प्रिंग टोचते, एवढीच तिची तक्रार असायची. आर्विड म्हणायचा, तुला भास होतात.

"हा मागे जोडून तळ्याला एक फेरी मारू," मार्लिस आता म्हणाली. "धड परत आलो तर ट्रक आपल्याबरोबर येईल. नाहीतर गॉर्डीला देऊन टाकायचा. अंगणात गंजत ठेवायचा नाही."

शेजारच्या गॉर्डीचा या ट्रकवर कधीपासूनचा डोळा होता. हिवाळ्यात तो गोठलेल्या तळ्यावर न्यायचा आणि आत उबेत पडून बर्फाच्या भोकातून मासे धरायचे, हे त्याचं स्वप्न. त्याने शेडमध्ये जागाही मोकळी करून ठेवली होती. "सहज आवरलं," असं वर सांगायचा. तरी ती लोखंडी पट्टी वेल्डिंग करून दिली त्यानेच. माणूस तसा सोन्यासारखा होता, फक्त तोंड बंद राहत नसे.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. गाडीला गाडी जोडत असलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा घरगाडीवाल्यांचा अलिखित नियम. बोलण्यात एखादी गोष्ट राहून जाते. आर्विडने दांडा अडकवला, साखळ्या लावल्या. स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली आतच ठेवली, गिअर न्यूट्रलला आणला. एवढ्यात गॉर्डी बायकोने केलेल्या भोपळ्याच्या वड्या आणि कॉफी घेऊन हजर झाला. वड्या घेऊन आलेल्या माणसाला गप्प बस म्हणायची रीत त्या गावात नव्हती. मग बदकं, चर्च गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी, गॉर्डीच्या मेव्हण्याचं पित्त, असं सगळं झालं. शेवटी मार्लिसने हॉर्न वाजवला आणि तिघंही घरगाडीत चढली.

मैलभर गेल्यावर मार्लिस म्हणाली, "जड लागतंय."

"ट्रक आहे तो, पतंग नाही."

"आर्विड, हा मागे खेचतोय."

"तुला भास..." म्हणता म्हणता आर्विड थांबला. डोळे गेले तरी नाक शाबूत होतं. जळका वास. "थांबव. कुठेही थांबव."

मार्लिसने दिसला तो पहिला फाटा पकडला. तो नावा पाण्यात सोडायचा रस्ता होता. दोन्हीकडे झाडी आणि पुढे थेट तळं. पाण्याच्या अलीकडे तिने गाडी उभी केली. खाली उतरून बघतात तर ट्रकच्या मागच्या चाकांतून धूर निघत होता.

"हँडब्रेक," आर्विड पुटपुटला. "काढायचा राहिला."

गॉर्डीने हातातल्या अर्ध्या वडीकडे बघितलं आणि ती गुपचूप खिशात टाकली. "माझ्यामुळे झालं."

"नाही. ब्रेक माझा होता."

वळायला जागा नव्हती. दांड्याने बांधलेली गाडी मागे ढकलता येत नाही, तिची पुढची चाकं वाकडी होतात आणि दांडा मोडतो. म्हणजे सोडवण्याशिवाय इलाज नव्हता. ब्रेक गार होईपर्यंत तिघं गवतात बसली आणि उरलेल्या वड्या संपवल्या. ब्रेक गार झाल्यावर गॉर्डी आपण होऊन दूर जाऊन उभा राहिला. मग आर्विडने दांडा सोडवला.

आता दोन गाड्या झाल्या आणि चालवणारी दोघंच.

गॉर्डीने घसा खाकरला. "मार्लिस घरगाडी घेईल. ट्रक मी आणतो की... म्हणजे घरी. कुणाच्या घरी ते तुमचं तुम्ही ठरवा."

अट मार्लिसची होती आणि ट्रक हरला होता. ती नुसती आर्विडकडे बघत राहिली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, डागाच्या कडेला करडे केस तेवढे दिसले. तिला बहुधा वाईट वाटत होतं, आणि तेच त्याला सहन होईना.

तो ट्रकजवळ गेला, हाताने चाचपत दुसऱ्या बाजूला वळला, शेजारच्या सीटचं दार उघडून आत बसला आणि पुढच्याच क्षणी कळवळला. एक स्प्रिंग सरळ मांडीत घुसली होती.

"गॉर्डी, घरगाडी तू घे," तो खिडकीतून म्हणाला. "मार्लिस, हा तू चालव."

तिने घरगाडीची किल्ली गॉर्डीच्या हातात ठेवली. मग आली, सीट पुढे ओढली, आरसा वळवला. क्लच दाबून तिने रिव्हर्स गिअर टाकला आणि जी काही खरखर झाली तिने तळ्यातली बदकं उडाली. आर्विडने दोन्ही हातांनी गुडघे धरले. जिभेच्या टोकावर आलेलं सगळं त्याने गिळलं. चढावर ट्रक दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा एक हिसका देऊन तो डांबरी रस्त्यावर आला. मार्लिसने पहिला गिअर टाकला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा आवाज न करता पडला.

"वाईट नाही," आर्विड म्हणाला.

मार्लिस रस्त्याकडे बघत होती. कोपऱ्यावर वळताना तिने ऐटीत हॉर्न वाजवला.

"निघायच्या आधी ती स्प्रिंग बदलून घे," ती म्हणाली. "अ‍ॅरिझोनात तुलाच टोचेल."