काठी जिथवर ओली

“शिडी घट्ट धर. आणि माझ्याकडे बघू नकोस, शिडीकडे बघ,” मोठ्या सिस्टर वरून म्हणाल्या.

सकाळचे सात वाजले होते. छप्पन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे, आणि चढली होती रुग्णालयाच्या गच्चीवरच्या टाकीवर. मी म्हटलं होतं, “सिस्टर, खाली मीटर आहे की.” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. मीटर बिघडतो, काठी बिघडत नाही. त्यांनी काठी टाकीत सोडली, वर ओढली आणि ओल्या भागावर हाताची वीत टाकत मोजलं. चार वीत.

शहराची मुख्य जलवाहिनी पहाटे फुटली होती. आमचा विभाग डायलिसिसचा. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करायचं, चार-चार तास. त्याला पाणी लागतं आणि भरपूर लागतं. पाच यंत्रं, दिवसभरात दहा माणसं. दहा जणांना पूर्ण वेळ द्यायचा तर सहा वीत पाणी हवं. होतं चार.

मी तिथला तंत्रज्ञ. सिस्टर मला गोडबोल्या म्हणायच्या आणि ते काही कौतुकानं नव्हे. कुणाचा चेहरा पडलेला दिसला की माझी जीभ आपोआप “होईल हो सगळं ठीक” म्हणून मोकळी व्हायची.

बाहेर रुग्ण बसायचे तिथं सिस्टरांचा फळा होता. त्यावर तीन रकाने: माहीत आहे, माहीत नाही, पुढचं कधी सांगू. नवीन होतो तेव्हा मी हसलो होतो. इथं काय शाळा भरवायची आहे? त्या दिवशी त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘टाकीत चार वीत पाणी. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आज सर्वांना अडीच तास.’ दुसऱ्यात, ‘टँकर कधी येईल.’ तिसऱ्यात, ‘बारा वाजता.’ लोकांनी वाचलं, थोडं कुरकुरले आणि बसले. कुणी आरडाओरडा केला नाही. बारा वाजता सांगू म्हणाल्या की बाई बाराला सांगायची, निदान ‘अजून कळलं नाही’ एवढं तरी.

नऊच्या सुमाराला सिस्टर आत एका रुग्णाजवळ होत्या, तेव्हा व्यवस्थापकसाहेबांचा फोन आला. “अहो, तो फळा बघून लोक घाबरतील. बारापर्यंत पाणी येतंय म्हणून लिहून टाका.”

“नक्की येतंय ना, साहेब?”

“येईलच. न यायला काय झालं?”

मी खडू उचलला. फळ्यावर अंदाज लिहायचा नाही, हा तिथला एकच कायदा होता आणि तो मला पाठ होता. तरी मी पहिल्याच रकान्यात लिहिलं, ‘बारा वाजता पाणी येईल.’ चेहरे उजळले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शिंपीकाकांचा नंबर तेव्हाच लागायचा होता. बायको गेल्यापासून एकटे राहणारे, शांत गृहस्थ. त्यांनी फळा वाचला आणि लवकर येऊन बसलेल्या, दुपारच्या पाळीतल्या शिक्षिकेला म्हणाले, “तू बस आत्ता, पोरी. तुझ्या मुलांची परीक्षा आहे ना? मी बारानंतर निवांत चार तास बसतो.” आणि घरी गेले.

बारा वाजले. नळ नुसता खरखरला. सिस्टर बाहेर आल्या, फळ्यापाशी थांबल्या.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. साहेबांनी सांगितलं होतं.”

“साहेबांनी पाणी पाहिलं होतं?”

त्या रागावतील असं वाटलं, रागावल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी ते वाक्य हातानंच पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘बारा वाजता पाणी येईल असं लिहिलं ते चूक होतं. जबाबदारी माझी.’ खाली सही केली. मग विचारलं, “काका कुठं आहेत?”

काका फोन उचलत नव्हते. सिस्टरांनी मला स्कूटरवर त्यांच्या घरी पाठवलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका शिवणयंत्राला टेकून जमिनीवर बसले होते. समोर संत्र्यांची सालं. “पायात जोर नाही रे,” ते म्हणाले. “आता यंत्रावर बसायचंच आहे, सगळं धुऊनच निघेल म्हणून खाल्ली. तीन.” आमचे बहुतेक रुग्ण ही चोरी करतात. संत्र्यासारखं पथ्यात वर्ज्य फळ यंत्राच्या भरवशावर खातात; त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयच बंद पडू शकतं. एरवी खपून जातं. पण काकांची आधीची पाळीही चुकली होती, आणि यंत्राचा भरवसा त्यांना मी दिला होता.

रुग्णवाहिका बोलावून मी त्यांना आणलं. हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर म्हणाले, “लगेच लावा. आणि अडीच तासांत भागणार नाही, चार लागतील.” टाकीत उरलेलं पाणी पाचांना अडीच-अडीच तास पुरेल एवढंच होतं.

सिस्टर दुपारच्या पाळीतल्या चौघांसमोर उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचाच. “टाकीत दोन वीत आहे. टँकरचं माहीत नाही. काकांना चार तास हवेत. वरचा दीड तास तुमच्या वाट्यातूनच जाईल, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं. डॉक्टर म्हणतात तुम्हाला आज तेवढं चालेल. मी विचारतेय, हुकूम नाही करत.”

त्यांतले एक निवृत्त हवालदार म्हणजे फटकळपणाचा नमुना. ते म्हणाले, “सकाळी फळ्यावर खोटं निघालं, आता हे खरं कशावरून?”

“काठी त्या कोपऱ्यात आहे. वर चढून बघा.”

हवालदारांनी काठीकडे पाहिलं, मग सिस्टरांच्या गुडघ्यांकडे. “माझी पंचवीस मिनिटं लिहा,” ते म्हणाले. “माणूस भला आहे, पँट तेवढी आखूड शिवतो.”

काका वाचले. टँकर पाच वाजता आला. आठवड्यानं काकांनी चिंध्या भरून, निळ्या कापडाचं एक फळापुसणं शिवून आणलं. “हातानं पुसू नका,” ते सिस्टरांना म्हणाले, “खडूनं हात कोरडे पडतात.” पुढं ते दीड वर्ष नेमानं येत राहिले आणि एका सकाळी आले नाहीत.

त्या दिवसाबद्दल सिस्टर मला कधीच काही बोलल्या नाहीत. जी चूक त्यांनी सही करून स्वतःच्या नावावर घेतली, ती परत माझ्या अंगावर टाकली नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही सात वाजता टाकीवर चढल्या, आकडा लिहिला, साहेबांच्या भाषणात बसल्या बसल्या डुलकी काढली आणि पिशवी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिडी धरायला कुणी नव्हतं. मी एकटाच चढलो. खाली येऊन लिहिलं, ‘सहा वीत.’ मागून शिक्षिकेनं विचारलं, “दादा, मोठ्या सिस्टर येतील ना अधूनमधून?”

येतील की, न यायला काय झालं, हे अगदी जिभेवर आलं होतं. त्यांच्या मुलीचं गाव एका दिवसाच्या प्रवासावर होतं आणि गुडघ्यांचं मला माहीत होतं. मी काकांच्या पुसण्यानं कालच्या तारखेची जागा स्वच्छ केली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या.’

मग खडू दुसऱ्या रकान्यात नेला. ‘परत कधी येतील.’

शिक्षिकेनं वाचलं, मान हलवली आणि आत जाऊन आपल्या यंत्राशी बसली.