नखांमधली फट

हॉलमध्ये अठ्ठावीस टेबलं होती. प्रत्येक टेबलाला तीन खुर्च्या: एक पत्रिका सांगणाऱ्याची, एक ऐकणाऱ्याची आणि जरा मागे सरकवलेली तिसरी परीक्षकाची. टेबलावर पाण्याची एक बाटली, दोन पेले, पेन्सिल, कोरे कागद आणि टेबलाचा आकडा लिहिलेला पुठ्ठा. पंखे सोळा, त्यांतले तीन बंद. एक्स-रेच्या बाईंनी हे सगळं मोजून घेतलं, कारण परीक्षेआधी काही मोजलं की त्यांना जरा बरं वाटे. त्यांचं टेबल एकोणिसावं होतं, खिडकीला लागून.

"ताई, मोजून झालं की सांगा," समोर बसलेले कुलूपवाले म्हणाले. "तोवर मी म्हातारा होतो."

मागच्या खुर्चीतल्या परीक्षक आजी हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसायला काढला.

ज्योतिष संमेलनाचा हा दुसरा दिवस. ज्यांचं शिक्षण पुरं होत आलं आहे, अशा उमेदवारांची त्या दुपारी परीक्षा होती. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या. आधी एकाने दुसऱ्याची पत्रिका सांगायची, मग दुसऱ्याने पहिल्याची. जे उत्तीर्ण होतील त्यांची नावं संस्थेच्या यादीत जाणार, आणि यादीत नाव आलं की आपापल्या गावी संस्थेच्या सल्ला केंद्रात दर रविवारी बसता येणार. एक टेबल, दोन खुर्च्या, दारावर पाटी. बाईंना ती खुर्ची हवी होती. त्यासाठी त्या तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जात होत्या, आणि एवढ्या लांब बस बदलत आल्या होत्या.

असं का, हे त्यांनी घरात नीट कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी चिडवायची की आई दिवसभर हाडं बघते आणि संध्याकाळी ग्रह, माणसाकडे सरळ कधी बघणारच नाही. बाई हसून सोडून देत. पण खरं कारण रुग्णालयातल्या त्यांच्या एक्स-रे खोलीच्या भिंतीवरच लावलेलं होतं. सूचना सहा होत्या, त्यातली पाचवी अशी की तंत्रज्ञाने रुग्णाला निदान सांगू नये. बावीस वर्षं लोक त्यांच्यासमोर उघड्या छातीने उभे राहिले होते, आणि शर्टाची बटणं लावता लावता प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला होता, काय दिसतंय हो? कधी काहीच दिसत नसे. कधी असं दिसे की बाईंना पुढच्या माणसाला हाक मारायच्या आधी घोटभर पाणी प्यावं लागे. उत्तर मात्र दोन्ही वेळा एकच, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. सगळं आधी दिसायचं त्यांना, आणि बोलायचा अधिकार दुसऱ्याचा. पत्रिकेचं तसं नव्हतं. तिथे जो बघतो तोच सांगतो.

संमेलनात येऊन काय मिळतं, असा प्रश्न पहिल्या दिवशी त्यांना पडलाच होता. सकाळी दोन विद्वान ग्रह किती अंश मागे धरायचे या अयनांशाच्या मतभेदावरून असे हातघाईवर आले, की अध्यक्षांनी मध्येच जेवणाची सुट्टी जाहीर केली. खरं शिक्षण झालं ते जेवणाच्या रांगेत. तिथे कोणी पाठ केलेल्या नियमाला अपवाद सांगे, कोणी आपला फसलेला अंदाज मोकळेपणाने सांगून टाके. पुस्तकात फसलेले अंदाज नसतात. कुलूपवाले तिथेच भेटले. साठीचे, बारीक चणीचे. लांबच्या एका गावात त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. ज्योतिषाकडे कसे वळलात असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "किल्ली हरवून दाराबाहेर उभा राहिलेला माणूस कुलूप उघडेपर्यंत सगळं आयुष्य सांगतो. मला वाटलं, ऐकतोच आहे तर दोन शब्द बोलायलाही शिकावं." बोलताना मधूनच ते खोकत आणि माफी मागितल्यासारखा हात वर करत.

आणि संध्याकाळी आजींचं भाषण झालं. भाषण कसलं, त्या खुर्चीत बसून बोलल्या. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकं घरी वाचता येतात, इथे यायचं ते लगाम शिकायला. समोरच्याचे कपडे, हातातली अंगठी, डोळ्यांतलं पाणी यांवरून अंदाज बांधून सांगता येतं. बाजारात बसलेले शेकडो लोक तेच करतात आणि लोक थक्क होतात. "ती चलाखी आहे, ज्योतिष नाही," आजी म्हणाल्या. "उद्या परीक्षेत पत्रिकेत असेल तेवढंच बोला. पत्रिकेबाहेरचं एक वाक्य बोललात तर नाव यादीत येणार नाही. मग तुमचं वाक्य खरं निघो की खोटं." बाईंना हे फार पटलं होतं. रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी ते मुलीला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं होतं.

आता कुलूपवाल्यांनी त्यांची पत्रिका सांगायला घेतली. ते चाचरत बोलले, पण गोड बोलले. मान मिळेल पण उशिरा मिळेल, मुलीचं छान होईल, गुडघे सांभाळा. प्रत्येक वाक्याला कागदावरच्या कुठल्यातरी घरावर पेन्सिल टेकवून आधार दाखवला. आजी मान हलवत होत्या. मग कागद फिरला आणि पाळी बाईंची आली.

पत्रिका सोपी होती, जवळजवळ भेट दिल्यासारखी. वृषभ लग्न, लग्नात गुरु. रोगाचं सहावं घर रिकामं आणि त्याचा स्वामी शुक्र उच्चीचा. छातीच्या चौथ्या घरावर कुठल्याच पापग्रहाची नजर नाही. बाईंनी स्वभावापासून सुरुवात केली, मग व्यवसाय, मग भावंडं. आवाज स्थिर झाला. पुढल्या वर्षीचा प्रवासाचा योग सांगितल्यावर कुलूपवाले म्हणाले की दुकानापासून घरापर्यंतचा प्रवास धरला तर योग रोजच येतो. आजींच्या ओठांची कड पहिल्यांदा हलली. उरलं होतं आरोग्य. एक वाक्य. प्रकृती उत्तम, दीर्घायुष्य. ते बोलायला बाईंनी कागदावरून मान वर केली.

कुलूपवाल्यांनी पेन्सिल उचलून बोटांत धरली होती आणि खिडकीचं ऊन थेट त्यांच्या हातावर पडलं होतं. बाईंनी ते हात कालपासून पाहिले होते, ताट धरताना, पेला धरताना. पितळ घासून घासून राठ झालेले हात, एवढंच त्यांना वाटलं होतं. आता बोटांची टोकं दिसली. नळीच्या टोकाला फुगा यावा तशी ती फुगलेली होती, आणि नखं घड्याळाच्या काचेसारखी बाहेरच्या बाजूला गोलावलेली. बाईंच्या रुग्णालयातले छातीचे डॉक्टर फोटोला पाठवण्याआधी प्रत्येकाची बोटं बघत. अशी बोटं फुफ्फुसात काही बिघडल्याची खूण असू शकते, हे इतक्या वर्षांत न विचारताही बाईंना कळलं होतं.

बाई थांबल्या. त्यांनी पुन्हा पत्रिका पाहिली. सहावं घर, आठवं घर, चौथं घर. कुठे निसटलं का, हे त्या प्रामाणिकपणे शोधत होत्या, कारण पत्रिकेवर त्यांचा विश्वास होता. एक बारीकशी जागा जरी सापडली असती, तरी पेन्सिल टेकवून सगळं नियमात बसवता आलं असतं. सापडली नाही. जन्मवेळ चुकली असेल, असाही विचार आला. मग असंही वाटलं, की कारागिराची बोटं आहेत, अशी असू शकतील.

"ताई, एवढं वाईट आहे का?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"दादा, दोन्ही हातांची ही बोटं अशी पाठीला पाठ लावून धरता का? नखाला नख टेकवून."

आजींनी मान वर केली. कुलूपवाल्यांनी बाईंचं बघून बोटं जुळवली. बाईंच्या दोन नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखी इवलीशी फट राहिली होती आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसत होता. कुलूपवाल्यांच्या नखांमध्ये काहीच नव्हतं. नख नखावर बसलं होतं.

"माझ्यातून उजेड येत नाही," ते म्हणाले. "चांगलं की वाईट?"

बाईंनी खोकल्याचं विचारलं. ते म्हणाले की पितळेची धूळ आहे, आमच्या धंद्यात खोकला नसेल तर लोक विचारतात दुकान बंद आहे का. वजनाचं विचारलं, तर म्हणाले की पट्ट्याला एक भोक नवं पाडलंय, बायको म्हणते शोभून दिसतं. हे सगळं ते हसत सांगत होते, पण बोटं त्यांनी अजून तशीच जुळवून धरली होती.

"बाई," मागून आजी म्हणाल्या, "हे पत्रिकेत कुठे आहे?"

"पत्रिकेत नाही, आजी. पत्रिकेत प्रकृती उत्तम आहे."

"मग पत्रिकेतलं सांगा आणि संपवा. एकच वाक्य राहिलंय तुमचं."

आजींच्या बोलण्यात राग नव्हता. उलट, बुडणाऱ्याला काठावरून हात द्यावा तसा त्यांचा स्वर होता. बाईंना ते समजलं. दारावरची पाटी, दोन खुर्च्या, रविवारची सकाळ हे सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडे होतं, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

"ते वाक्य मी सांगितलं," बाई म्हणाल्या, "तर हे फोटो काढायला जाणार नाहीत."

बाजूच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. बाईंनी पत्रिकेचा कागद घडी न घालता पालथा ठेवला.

"दादा, छातीचा फोटो काढून घ्या. याच आठवड्यात. काही निघेलच असं नाही, पण थांबू नका."

कुलूपवाल्यांनी बोटं सोडवली आणि हात मांडीवर ठेवले. "हे ग्रह म्हणतात की तुम्ही?"

"मी म्हणते."

पालथ्या कागदाकडे बघतच त्यांनी विचारलं, की फोटो तुम्हीच काढता ना? बाईंनी हो म्हटलं. तर मग तुमच्याकडेच येतो, ते म्हणाले, अनोळखी माणसासमोर शर्ट काढायला मला लाज वाटते.

आजींनी आपल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि लपवल्या नाहीत. नाव यादीत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायचा तर कालचं भाषणही मागे घ्यावं लागलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसा, त्या म्हणाल्या. बाईंनी बरं म्हटलं. मग आजी उठल्या, खुर्चीच्या पाठीला धरून कुलूपवाल्यांकडे वळल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "बाई सांगतात तसं करा."

चहाच्या वेळेपर्यंत गोष्ट हॉलभर झाली होती. नुकतेच परीक्षा दिलेले उमेदवार कपबशा बाजूला ठेवून, खिडक्यांकडे तोंड करून, नखाला नख लावून उभे होते. कुणी शेजाऱ्याला विचारत होतं की तुझ्यात दिसते का, कुणी ओरडून सांगत होतं की आपली फट चांगली ऐसपैस आहे. कालचे अयनांशवाले दोन विद्वानही एकमेकांची बोटं तपासत होते, आणि या बाबतीत त्यांचं एकमत होतं. आजी कोपऱ्यातल्या खिडकीशी एकट्याच होत्या. त्यांची पाठ हॉलकडे होती आणि कोपरं वर उचललेली.

रात्री घरी पोचल्यावर मुलीने विचारलं, की मग काय मिळालं दोन दिवसांत? बाईंनी चपला जागेवर ठेवल्या आणि म्हणाल्या, ओळखी झाल्या. नाव आलं नाही हे त्यांनी जेवताना सांगितलं, का आलं नाही ते सांगितलं नाही. मुलीने चिडवलं नाही. आईच्या ताटात तिने न विचारता वाढलं.

मंगळवारी कुलूपवाले आले, सोबत बायको. छातीच्या डॉक्टरांनी त्यांची बोटं पाहिली, पाठीवर नळी लावली आणि चिठ्ठी देऊन बाईंच्या खोलीकडे धाडलं. बायको बाहेरच्या बाकावर बसली. कुलूपवाल्यांनी शर्ट काढून नीट घडी केली, खिशातला किल्ल्यांचा जुडगा वर ठेवला, आणि खोली बघून म्हणाले की दाराला कुलूप अगदीच साधं आहे, मी चांगलं बसवून देईन. बाईंनी त्यांची हनुवटी प्लेटच्या कडेवर टेकवली, हात कमरेवर ठेवायला सांगितले आणि दोन्ही खांदे हलके दाबून पुढे घेतले. खांदे थंड होते.

"पत्रिका चांगली होती ना माझी?" कुलूपवाल्यांनी प्लेटकडे तोंड करूनच विचारलं.

"चांगलीच आहे," बाई म्हणाल्या. "हलू नका."

त्या काचेमागे गेल्या. मोठा श्वास घ्या, रोखून धरा, म्हणाल्या, आणि बटण दाबलं. सोडा म्हटल्यावर खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग शर्ट घालून बाहेर बसा, म्हणून त्यांनी सांगितलं. कुलूपवाल्यांनी बटणं लावली, जुडगा खिशात टाकला, दाराच्या कुलपाकडे आणखी एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन बायकोशेजारी बसले.

पडद्यावर चित्र उमटलं. बाईंनी आधी नाव आणि तारीख तपासली, मग दोन्ही बाजूंच्या फासळ्या वरून खाली पाहिल्या. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या पांढऱ्या गोल डागाशी त्यांनी चित्र मोठं केलं, मापाची रेघ त्याच्या एका कडेवर ठेवली आणि दुसऱ्या कडेपर्यंत ओढत नेली. मग ती पुसून पुन्हा ओढली.

आडवं एकोणीस मिलिमीटर, उभं सतरा.