शिंप्याची स्वतःची पँट

जन्मभर लोकांच्या अंगाची मापं घेतली, पण स्वतःच्या अंगाचं ह्या माणसाला काही कळत नाही, असं शिंप्याची बायको म्हणायची आणि शिंपी ते हसण्यावारी न्यायचा. हृदय कमजोर झालं म्हणून तो हॉस्पिटलात राहून आला, तेव्हा पँट कमरेवरून घसरत होती. ते बघून ती त्याच्या ताटात एक पोळी जास्तच वाढायची.

म्हणून एका सकाळी पँटचं बटण लागेना, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला.

"अंगी लागतंय हो तुमच्या!" बायको म्हणाली.

शिंपी ऐटीत मशीनवर बसला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. स्वतःच्या पँटला त्याने ती सढळ हाताने ठेवली होती. त्याने शिवण उसवून कंबर सैल केली आणि आठवडा व्हायच्या आत पुन्हा एकदा केली. आल्यागेल्या गिऱ्हाइकाला तो हे कौतुकाने सांगू लागला. चपलेचा पट्टा पायात रुतत होता, जिना चढताना धाप लागत होती, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून उशीवर उशी रचावी लागत होती. पण त्याचं उत्तर तयार होतं. माणूस भरला की धाप लागायचीच!

घरी सोडताना सिस्टरने बजावलं होतं, रोज सकाळी वजन करा, वाढलं की लगेच कळवा. ह्याने मान डोलावली होती. आता वजन वाढलं म्हणजे खुशखबरच की, आणि खुशखबरीला कसली घाई? तपासणीला जाऊ तेव्हा समक्षच सांगू, असं त्याने ठरवून टाकलं.

आणि सांगितलंही, छाती पुढे काढून. "सिस्टर, पँट दोनदा सैल केली!"

सिस्टर हसली नाही. तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"काका, हे मांस नाही. अंगात पाणी साठलंय."

लगोलग भरती करावं लागलं. इंजेक्शनांनी पाणी उतरलं, तशी पँट पुन्हा घसरायला लागली. बायको खाटेशी बसून रडली. "तुमचा जीव जायला निघाला होता आणि मी मेली हरखून बसले होते!"

ह्या वेळी घरी सोडताना सिस्टरने काहीच सांगितलं नाही. स्टूल ओढून समोर बसली.

"मी सांगते, तुम्ही मान डोलावता. आज तुम्ही मला सांगा."

शिंप्याने चादरीची शिवण चाचपली.

"कापड भिजलं की जड होतं," तो म्हणाला, "पण म्हणून ते वाढलेलं नसतं. माझं हृदय थकलंय, त्याला रक्त नीट पुढे ढकलणं जमत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. चार दिवसांत वजन चढलं, पाय सुजले, दम लागला, तर ते भिजलेलं कापड समजायचं. वाट बघायची नाही, फोन करायचा."

"आणि गोळ्या?"

"आपल्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत."

"हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," सिस्टर म्हणाली, आणि शिंपी लाजला.

घरी आल्यावर त्याने पँट जुन्या मापाला आणली आणि आतली सगळी माया कात्रीने कापून टाकली.

"अहो, हे काय! उद्या घट्ट झाली तर?"

"म्हणून तर. उसवायला काही उरताच कामा नये."

पुढे एका सकाळी वजनाचा काटा खरंच वर सरकला आणि बटण अडलं. दुकानात कामाचा ढीग पडला होता. सवयीने त्याचा हात कात्रीकडे गेला, पण उसवून सोडायला कापडच नव्हतं. त्याने फोन उचलला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून तपासलं, गोळी वाढवून दिली आणि घरी पाठवलं.

काही दिवसांनी तो आरशासमोर उभा होता आणि बायको दारातून बघत होती. बटण अलगद लागलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

"अगं, रडतेस काय?" शिंपी म्हणाला. "माप बरोबर आलंय."