टेबलावरून उठताना

एप्रिल उजाडला की आमच्या गावातले पुरुष दाढी करणं सोडतात. बँकेतला कारकून, दातांचा डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे एकजात अस्वलं होऊन फिरतात. मे महिन्यात हेलडोराडो नावाचा उत्सव असतो. त्या चार दिवसांत ज्याची हनुवटी गुळगुळीत दिसेल त्याला चाकांवरच्या खोट्या तुरुंगात कोंडून फ्रीमाँट स्ट्रीटभर मिरवतात. हे सगळं म्हणे सोनं शोधणाऱ्या पूर्वजांच्या आठवणीसाठी. लास व्हेगासात सोनं कधी कुणाला सापडलं होतं, हे विचारायचं नसतं.

गावच मुळी रेल्वेने एकोणीसशे पाच साली भर उन्हात लिलाव करून विकलेलं. दहा साली सरकारने जुगार बंद केला आणि एकतीस साली पुन्हा चालू केला. मधली वीस वर्षं इथे कुणी पत्त्याला हात लावला नाही, असं मुलांना शिकवतात. प्रत्यक्षात पत्ते फक्त मागच्या दाराने आत गेले होते. सगळ्यात जोरात चालायची ती बर्फाच्या कारखान्यामागची खोली, असं आमच्या जुगाराच्या क्लबातली जुनी मंडळी सांगतात. पुढे जवळच मोठं धरण बांधायला मजूर आले आणि टेबलं ओसंडली. धरण झालं, मजूर गेले, त्यांच्यात माझा नवराही गेला. तेव्हा गिऱ्हाईक परत यावं म्हणून पस्तीस साली हा उत्सव काढला. एकोणीस वर्षांत त्याची थोर परंपरा झाली.

मी इर्मा टॉलिव्हर. बत्तीस सालापासून एकवीस नावाच्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटते. आमच्या धंद्यात टेबल सोडताना एक गोष्ट करावीच लागते. एक टाळी वाजवायची, तळवे वर करायचे, मग उलटे करायचे, बोटं फाकवायची आणि छताकडे बघायचं. छताच्या आरशामागे आमच्यावर नजर ठेवणारा माणूस बसलेला असतो. हाताला पैशाचं एकही टोकन चिकटलेलं नाही, हे त्याला दिसावं लागतं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की घरी जेवून उठले, पोस्टाच्या खिडकीपासून हलले, तरी हात आपोआप वाजतात. बावीस वर्षांत एक टोकन मी इकडचं तिकडे केलं नाही. याचा मला माज आहे, असं माझी मुलगी नेल्डा म्हणते, आणि तो आहेच.

यंदा उत्सवाच्या आठवडाभर आधी नेल्डा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, आधी शांतपणे ऐकून घे."

"म्हणजे भलतंच काहीतरी करून बसली आहेस."

"रूलन बिंगहॅमशी लग्न ठरवलंय."

मी गॅस बंद केला. बिंगहॅम म्हणजे गावातलं सगळ्यात सोवळं, मॉर्मन पंथाचं घर. चहा नाही, कॉफी नाही, पत्ते तर नाहीच नाही. मिरवणुकीत पहिली गाडी त्यांची, कारण रेल्वेच्या पन्नास वर्षं आधी इथे किल्ला बांधणाऱ्यांत त्यांचे आजोबा होते. रूलनचे वडील ओरिन बिंगहॅम बैल हाकत पुढे बसतात. सबंध मिरवणुकीत खरी जुनी दाढी तेवढी त्यांचीच. उत्सवाच्या नावात ‘हेल’, म्हणजे नरक, आहे म्हणून ते नावसुद्धा तोंडातून काढत नाहीत.

"जुगारावर जगणाऱ्या घराशी त्यांना सोयरीक नको आहे," नेल्डा म्हणाली. "म्हणून मी सांगितलं, तू लॉन्ड्रीत आहेस."

"लॉन्ड्रीत!"

"येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. त्याचे वडील तुला स्वतः विचारणार आहेत, त्याशिवाय हो म्हणणार नाहीत. एका जेवणापुरतं, आई. तेवढंच सांग."

"मी काय चोऱ्या करते? तुझ्या शाळेचे बूट काय लॉन्ड्रीतून आले?"

"मला माहीत आहे गं." तिचे डोळे भरले. ती लहानपणीही फार कमी रडायची, म्हणून माझा आवाज खाली आला. जाता जाता म्हणते कशी, "आणि ते टाळीचं तेवढं करू नकोस. प्लीज."

मला राग आला होता, अजूनही आहे. पण पोर त्या मुलावर जीव टाकत होती, आणि मुलगा खरंच चांगला होता. मी आठवडाभर सराव केला. जेवून झालं की हात मांडीखाली दाबून उठायचं. असं उठून बघा, कंबर धरते.

रविवारी बिंगहॅमांकडे टेबलाला तेरा माणसं होती. बटाटे, भाजलेलं मांस, थरथरत्या जेलीत किसलेलं गाजर, बरणीतले पीच. कॉफीवाचून माझं डोकं ठणकत होतं. ओरिन बिंगहॅम टेबलाच्या टोकाला बसले होते. मोठे हात, हळू बोलणं. त्यांची बायको लूएला सारखी वाढत होती.

"यांनी फार सोसलंय हो," ती मला सांगत होती. "तेवीस साली पुरात आमची सगळी टरबुजं वाहून गेली. दोन वर्षं हे बर्फाच्या कारखान्यात राबले. रात्रपाळी! सकाळी घरी यायचे तेव्हा हात गारठलेले असायचे."

"जाऊ दे ना लूएला," ओरिन म्हणाले.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बर्फाच्या कारखान्यात काम करणारे पुष्कळ होते.

जेवण झालं. नेल्डाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी हात मांडीखाली घातले. ओरिन म्हणाले, "चला," आणि उठले.

आणि त्या घरातल्या अकराच्या अकरा माणसांनी एक टाळी वाजवली. तळवे वर, तळवे उलटे, बोटं फाकलेली. मग सगळ्यांनी माना वर करून छताकडे पाहिलं. चार वर्षांच्या नातीनेसुद्धा.

नेल्डाचं तोंड उघडंच राहिलं. माझं बहुधा बंद होतं, सवयीने.

"आमच्या घरची रीत आहे," लूएला कौतुकाने म्हणाली. "किल्ल्यातल्या आजोबांपासून चालत आलेली. अन्न देवाचं, आपण टेबलावरून रिकाम्या हाताने उठायचं आणि वर त्याला दाखवायचं. यांनीच शिकवली सगळ्यांना."

मी ओरिनच्या हातांकडे पाहत होते. बाकीच्यांचे हात देवाला दाखवलेले होते. त्यांचे तसे नव्हते. उलटे करताना त्यांनी मनगटाला हलका झटका दिला होता, बाहीत काही नाही हे दिसावं म्हणून. तो झटका पत्ते वाटणाऱ्यांचा होता, कुठल्याही आजोबांनी शिकवलेला नव्हता. तो बर्फाच्या कारखान्यात शिकवत होते, पण बर्फाजवळ नाही, मागच्या खोलीत.

ते परत खुर्चीत बसले. "बाई, एक विचारायचं होतं. तुम्ही काम काय करता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेल्डा पांढरी पडली होती. माझ्या जिभेवर काय काय आलं, ते मी इथे लिहीत नाही. बावीस वर्षं मी उजेडात, सगळ्यांसमोर, स्वच्छ हातांनी तेच काम केलं होतं, आणि हा माणूस तेच करून देवाच्या नावावर खपवत होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी मांडीखालून हात काढले आणि उठले. एक टाळी. तळवे वर. उलटे. मनगटाला झटका. बोटं फाकून छताकडे नजर. घाई केली नाही. क्लबात नव्या पोरींना शिकवते तसं सावकाश केलं.

"अगबाई, पहिल्याच खेपेला किती छान जमलं!" लूएला म्हणाली.

ओरिनच्या चेहऱ्याचा दाढीच्या वरचा भाग तेवढा दिसत होता, त्याचा रंग गेला. मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"मी लॉन्ड्रीत आहे," मी म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यामागच्या."

"तिथे लॉन्ड्री होती?" लूएलाने विचारलं.

नात जेलीच्या वाटीत बोट घालत होती.

"होती," ओरिन म्हणाले. "मागच्या बाजूला. कष्टाचं काम असतं." मग रूलनकडे न बघताच म्हणाले, "जूनमध्ये करून टाकू लग्न."

नेल्डाने तिथेच, सगळ्यांसमोर मला मिठी मारली. तिचे खांदे हलत होते. लूएला पीचची बरणी माझ्या हातात कोंबत होती, घरी न्याच म्हणून. मी ती घेतली. ओरिन खाली टेबलाकडे बघत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी टेबलावरून काहीतरी लपवून उठले होते.