दुहेरी पेनी

आयुष्यभर ज्या चिकाटीने हाडं जोडली, त्याच चिकाटीने साउथहॅम्प्टनचे डॉक्टर उल्हास दाबके रिटायर झाल्यावर पेनी न्याहाळू लागले. २००७च्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून परत मिळालेल्या चिल्लरीतली एक पेनी त्यांनी भिंगाखाली धरली. प्रत्येक अक्षर दुहेरी होतं! टांकसाळीची अशी चूक लाखात एखाद्या नाण्यावर सापडते, आणि संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात.

रविवारी बर्मिंगहॅमहून शशिधर आला. मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र. नाण्यांचा नाद त्यानेच लावलेला. त्याने पेनी उजेडात कलती केली, बराच वेळ बघितली.

“डाय झिजलीय रे,” तो म्हणाला. “नाणी ठोकून ठोकून साचा म्हातारा झाला की अक्षरं अशीच सुजतात, कडा विरघळतात. साचा घडवतानाच अक्षर दोनदा उमटलं असतं तर दोन्ही कोरीव दिसली असती, टोकाला खाच पडली असती. इथे कुठाय खाच?”

“आहे की! स्वच्छ दिसतेय.”

“मला नुसती सूज दिसते.”

उल्हासनी पुन्हा बघितलं. दुहेरीच. त्यांनी देवयानीला हाक मारली. बायकोने भिंगातून क्षणभर डोकावलं. “मला सगळं गिचमिड दिसतंय बाई. चहा गार होतोय तुमचा.”

उल्हास चक्रावले. समोर लख्ख दिसतंय ते या दोघांना का दिसू नये?

शशिधरने खिशातून एक कोरी पेनी काढली. “ही बघ.”

तीही दुहेरी. दुसरी दिली, तीही तशीच. उल्हासच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग तो कुठेतरी अडला. एका खिशात इतक्या दुर्मिळ पेनी?

“भिंग कुठल्या डोळ्याला लावतोस?” शशिधरने हळूच विचारलं.

“उजव्या. नेहमीच.”

“डावा लावून बघ.”

डाव्या डोळ्याला कोरी पेनी एकेरी, धारदार दिसली. त्यांची स्वतःची पेनी मात्र सुजलेली. उजवा लावला, पुन्हा दोन-दोन अक्षरं.

“मोतीबिंदू,” शशिधर म्हणाला. अंधारात गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसायचे, तेव्हा त्यांनी विंडस्क्रीनला दोष दिला होता. त्यांनी गाडीच्या किल्ल्या देवयानीच्या हातात दिल्या आणि कपाटातला डबा उघडला. गेल्या दोन वर्षांत ‘अस्सल’ ठरवलेली नाणी. यातलं कुठलं खरं आणि कुठलं डोळ्याने घडवलेलं? सांगता येईना. डबा तसाच मिटला.

सप्टेंबरात ऑपरेशन झालं. महिन्याभराने शशिधर पुन्हा आला, आणि तो स्वतःच बावचळलेला होता. “त्या दिवशी तुला छातीठोक सांगितलं खरं, पण घरी तशाच दोन पेनी बघितल्या आणि माझीच खात्री डळमळली. त्यांच्यात PENNY मधल्या शेवटच्या Y पाशी काहीतरी आहे. तुझ्या पेनीत बघ.”

उल्हासनी आधी उजवा डोळा लावला, मग डावा. पेनी खिडकीशी नेली, सावकाश फिरवली. कडा गोलसर, विरघळलेल्या. आणि त्या Y पाशी एक बारीकशी रेघ, खाच म्हणावी तर खाच, ओरखडा म्हणावा तर ओरखडा.

“झीजच,” ते म्हणाले. पेनी पुन्हा एकदा उजेडात कलती केली. ऑपरेशन थिएटरमध्ये जो शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नव्हता, तो मग अवघडत आला.

“बहुतेक.”